खांबावरचं नाव

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन अमेरिका पालथी घालणाऱ्या म्हाताऱ्यांत दोन पक्ष असतात, आणि त्यांचं एकमेकांशी कधी पटत नाही. एका पक्षाचे लोक जानेवारीतच संगणकापुढे बसून जुलैतले मुक्काम धरून ठेवतात. कुठल्या तळावर, कुठल्या झाडाखाली, कुठल्या खांबापाशी गाडी लावायची हे त्यांना घरच्या टेबलावरच ठरलेलं हवं असतं. दुसऱ्या पक्षाचे म्हणतात, मग घरीच बसा की. निघावं, वाटेल तिथं वळावं, दुपार कलायच्या आत पोहोचावं, रिकामी जागा दिसली की चाकं टेकवावीत. संध्याकाळी घडीच्या खुर्च्या गोलात मांडल्या की हे दोन पक्ष असे तावातावानं भांडतात, जणू देशाची निवडणूक ह्याच मुद्द्यावर व्हायची आहे.

लॉवेल हॅस्किन दुसऱ्या पक्षाचा, आणि त्यातला कट्टर. त्याची बायको नॅडीन कुठल्या पक्षाची, हे त्याला ठाऊक नव्हतं. नेब्रास्कातून निघाल्यापासून जागा मिळाली नाही अशी एकही संध्याकाळ गेली नव्हती. वायोमिंग झालं, मॉन्टाना झालं. फाटकावर 'जागा नाही' अशी पाटी लटकत असायची, लोक तोंड पाडून गाड्या वळवत असायचे, आणि लॉवेल त्याच फाटकातून निवांत आत शिरायचा. आत एखादी जागा रिकामी असायचीच. तीही संडासाशेजारची वगैरे नाही, चांगली सावलीतली, सपाट, नळाजवळची. गाडी लावून झाली की तो इंजिन बंद करायचा आणि म्हणायचा, "बघ. मिळाली."

"मिळाली," नॅडीन म्हणायची.

त्या सगळ्या जागा नॅडीननं धरलेल्या होत्या.

फसवायचं म्हणून ह्याची सुरुवात झाली नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा कर्ट आदल्या ऑक्टोबरात गेला. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. लिव्हर निकामी झालं होतं, दुसरं बसवायचं होतं, आणि त्यासाठी नाव नोंदवून वाट बघावी लागते. नाव नोंदवलं. वर्षभर तिघंही फोन उशाशी घेऊन झोपले. दवाखान्यातली माणसं भली होती, त्यांनी कधी खोटी आशा लावली नाही. कुणाची पाळी कधी येईल ते सांगता येत नाही, एवढंच म्हणायची. कर्टची पाळी आली नाही.

त्यानंतर घर गप्प झालं. लॉवेलनं सगळी नोकरी जिल्ह्याच्या रस्त्यांवर यंत्र चालवण्यात घालवलेली, उन्हाळ्यात खडी सारखी करायची, हिवाळ्यात बर्फ लोटायचं. त्या हिवाळ्यात तो सकाळी फावडं घेऊन अंगणात जायचा आणि पडलेलं बर्फ काढून झालं की न पडलेलंही काढत बसायचा. नॅडीनला रडू येत नव्हतं. शेजारणींनी आणून दिलेल्या जेवणाच्या भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर नावं लिहिलेली होती; ती तिनं घासून, पुसून, नावं वाचून ज्याची त्याला परत केली. बायका गळ्यात पडून रडल्या आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. आत काही हललं नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला राहत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती.

मग एका सकाळी तिनं मुक्काम धरायचं पान उघडलं. सहा महिन्यांनंतरची एकेक तारीख रोज सकाळी खुली होते आणि पापणी लवायच्या आत संपते. नॅडीन बोट टेकवून बसायची. घड्याळ पुढं सरकलं की दाबायची. कधी लागायची जागा, कधी हुकायची. दिवसभरात तेवढा एक क्षण ती जागी असायची, म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची. गाडी तर निवृत्तीच्या वेळी घेतलेली, ताडपत्री पांघरून अंगणात उभीच होती. असं करता करता वायोमिंगपासून ओरेगॉनच्या समुद्रापर्यंतचा अख्खा रस्ता धरून झाला, आणि जायचं की नाही हे कुणी ठरवलंच नव्हतं.

एप्रिलात लॉवेलनं आपणहून ताडपत्री ओढून काढली. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "जाऊ या. पण एक सांगून ठेवतो. कुठंही आधी नाव लावायचं नाही. नाव लावून वाट बघणं माझं करून झालंय."

नॅडीनच्या हातात ओलं फडकं होतं. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

"बरं," ती म्हणाली.

पुढं सगळं सोपं होतं. गाडी चालवायची लॉवेलनं, नकाशा बघायचा नॅडीननं. दुपारी ती म्हणायची, डावीकडे एक तळं दिसतंय, बघायचं का? लॉवेल म्हणायचा, बघू. तळावर शिरलं की आरव्हीवाल्यांत रीत अशी, की बायको आधी उतरते, जागा बघते आणि मग मागं उभी राहून हातांच्या खुणांनी नवऱ्याला गाडी मागं घ्यायला लावते. ह्या खुणांपायी जितकी लग्नं डळमळलीत तितकी दारूपायीही डळमळली नसतील. हॅस्किनांचा नियम एकच होता: बाजूच्या आरशात तिला त्याचा चेहरा दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर त्यालाही ती दिसत नाही. दोन्ही हात वर म्हणजे ये. हातांची फुली म्हणजे थांब.

धरलेल्या जागेच्या खांबावर, तळ सांभाळणारा माणूस सकाळीच एक चिठ्ठी अडकवून जातो. नाव आणि तारीख. नॅडीन उतरायची, पुढं जायची, चिठ्ठी काढून खिशात टाकायची आणि मागं जाऊन हात वर करायची. गाडी लागली की म्हणायची, "पैशाचं पाकीट टाकून येते," आणि फाटकापाशी जागेच्या भाड्याची पाकिटं टाकायचं जे लोखंडी नळकांडं असतं तिथपर्यंत जाऊन, थोडी उभी राहून परत यायची; भाडं जागा धरतानाच भरलेलं असायचं. एकदा खिशातली चिठ्ठी कपड्यांबरोबर धुतली गेली आणि लॉवेलच्या निळ्या शर्टभर कागदाचे कण चिकटले. "तुझ्या रुमालाचा चोथा झाला बघ," असं म्हणून तो दुपारभर ते वेचत बसला होता.

हे सगळं ती करत होती ते त्या "मिळाली"साठी. कित्येक महिने हो आणि नाही एवढंच बोलणारा माणूस पहिल्या मुक्कामावर तो शब्द बोलला, आणि तिला वाटलं, ह्याच्या आवाजात जरा जीव आहे. तिच्यात तर तेवढाही नव्हता. निदान एकाला तरी काही वाटत असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मॉन्टानातल्या एका तळ्यावर त्यांना अगदी पाण्याला लागून जागा मिळाली. संध्याकाळी खुर्च्यांच्या गोलात आयोवाचा व्हर्नन नावाचा एक गलेलठ्ठ गृहस्थ लॉवेलच्या मागंच लागला.

"तुम्ही ही कधी धरली होतीत?"

"धरायची कशाला? आलो, रिकामी दिसली, लावली."

"आज? ह्या काठावर? गड्या, माझा मेहुणा किती वर्षं ह्या जागेसाठी टपून बसलाय माहितीय?"

"त्याला म्हणावं टपू नकोस. नुसता ये."

"वरच्याची मर्जी दिसतेय बुवा तुझ्यावर. लॉटरीचं तिकीट घे एखादं."

सगळे हसले. लॉवेलही हसला. मग उठला आणि पाण्याच्या पाइपचा सांधा गळत नव्हता तरी तो आवळायला गाडीमागं गेला. बराच वेळ आला नाही. दमला असेल, नॅडीनला वाटलं.

दुसऱ्या दिवशी घाटात त्यानं अचानक विचारलं, "मला एक सांग. आपल्याला सगळीकडे जागा मिळतेच कशी?"

तिचा हात खिशात गेला. "नशीब आपलं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, त्या वळणावर पाहू नये इतकं पाहिलं. मग रस्त्याकडे वळला. "हो," म्हणाला. "तसंच म्हणायचं."

आयडाहोत पोहोचले तोवर चार जुलै, म्हणजे स्वातंत्र्यदिन, तोंडावर आली होती. ह्या सुट्टीत अख्खा देश घराबाहेर झोपतो. त्या दिवशीचा तळ पाइनच्या झाडांत होता. लॉवेल फाटकाजवळच्या नळावर गाडीची टाकी भरत थांबला. नॅडीन पुढं गेली, खांबावरची चिठ्ठी काढली, खिशात घातली आणि तशीच संडासाला जाऊन आली. तिथं रांग होती. परत येते तर तिच्या जागेवर एक हिरवी व्हॅन उभी, आणि लाकडी टेबलावर चौकटींचं कापड अंथरलेलं. तळावर कापड अंथरलं म्हणजे जागा झाली.

एक तरुण बाई चार-पाच वर्षांच्या मुलीचं तोंड पुसत होती. "खांबावर काही नव्हतं," ती घाईघाईनं म्हणाली. "आम्ही सकाळपासून फिरतोय. हिला सारख्या उलट्या होताहेत."

चिठ्ठीची कड नॅडीनच्या बोटाला लागत होती. तेवढ्यात लॉवेल ओले हात पँटला पुसत चालत आला. व्हॅनमधला तरुण पुढं झाला.

"सर, तुम्ही आधी बघून ठेवली होती का ही?"

लॉवेलनं टेबलावरच्या कापडाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "छे. ज्याचं कापड आधी पडलं त्याची जागा. बसा तुम्ही."

"नक्की ना?"

"अरे बस बाबा. आम्हाला काय, मिळते कुठंतरी. आम्हाला मिळतेच. विचार हिला."

सगळे नॅडीनकडे बघायला लागले.

"मिळते," ती म्हणाली.

गाडीपर्यंत पोहोचेतो तिला वेळ होता. चिठ्ठी खिशात होती. दाखवायची, की जागा हॅस्किनांची. पण मग उन्हाळाभर तो ज्यावर बोलत होता ते सगळं खोटं ठरत होतं, आणि न सांगावं तर आज नशीब संपणार होतं. दोन्हीकडून तो पुन्हा फावडं घेऊन अंगणात जाणार, असं तिला दिसलं. तिला एवढीच एक भीती उरली होती, आणि तीही बोथट. ती गाडीत चढली आणि पट्टा लावला.

पुढचा तळ भरलेला होता. त्याच्या पुढचाही. नॅडीन फोनवर बघत राहिली. कुणीतरी रद्द करतं कधीकधी, आज कुणी केलं नव्हतं. एका ठिकाणी तळ सांभाळणारी बाई पाटीला टेकून उभी होती. तिनं लांबूनच नकारार्थी मान हलवली. नॅडीन चोरून लॉवेलच्या जबड्याकडे बघत होती.

शेवटी रस्त्याच्या कामाची खडी टाकायला केलेला एक मोकळा तुकडा दिसला तिथं त्यानं गाडी घेतली. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर अजून ऊन होतं. लॉवेल उतरला, ढिगातली मूठभर खडी घेऊन बघितली आणि टाकून दिली. "फार बारीक," तो म्हणाला. "एका पावसात वाहून जाईल. इथल्या माणसाला कुणी शिकवलं नाही."

नॅडीननं घेवड्यातल्या खिम्याचा डबा गरम केला आणि सोबत दालचिनीचे गोड पाव ठेवले. नेब्रास्कात शाळेच्या जेवणात हे दोन्ही एकत्रच वाढतात. कर्ट पाव त्या तिखटात बुडवून खायचा. लॉवेलनंही बुडवला.

"आज नाही मिळाली," ती म्हणाली. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

"नाही मिळाली."

ती त्याचा चेहरा पडायची वाट बघत बसली. तो वाडगा पुसून खात होता.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "बरं वाटलं."

"काय?"

"नाही मिळाली ते. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं." त्यानं चमचा खाली ठेवला. "तुला आवडत होतं म्हणून बोललो नाही. 'मिळाली' म्हणायचीस ना तू, तेव्हा वाटायचं, हिला एवढं तरी सुख लागतंय, कशाला मोडा. पण मला ते सोसत नव्हतं, नॅडीन. जाऊ तिथं आपल्यासाठी एक जागा रिकामी. सावलीतली. पाण्याकाठची. लोक वर्षानुवर्षं नाव लावून बसलेत, आणि आपण दोन म्हातारे फाटकातून शिरलो की जागा तयार. कुणी मागितली होती? त्याला एक हवं होतं. एकच. ते नाही आलं. आणि आपल्याला गाडी लावायला रोज नशीब. मला वाटायचं, त्याच्या वाटणीचंच कुणीतरी चुकून आपल्याला देतंय. रोज थोडं थोडं. आणि मी लोकांपुढं त्याच्या फुशारक्या मारतोय."

डोंगरावरचं ऊन गेलं. मग तिनं खिशातून चिठ्ठी काढली आणि त्याच्या वाडग्याशेजारी ठेवली.

"हे काय?"

"आजच्या जागेची चिठ्ठी. व्हॅन उभी होती तिथली. मीच काढली खांबावरून."

त्यानं चष्मा लावला. "हॅस्किन," त्यानं वाचलं.

"सगळ्या धरलेल्या होत्या, लॉवेल. डिसेंबरपासून."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"तळ्याकाठची? व्हर्ननच्या मेहुण्याची?"

"ती पण. तू अंगणात बर्फ काढत होतास. आधी हुकली, मग लागली."

"म्हणजे एकदाही आपसूक मिळाली नाही."

"एकदाही नाही."

तो रागावेल, ह्याची तिनं तयारी ठेवली होती. रागावला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं. लॉवेलनं चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली आणि टेबलावर ठेवून तिच्यावर पंजा ठेवला.

"म्हणजे आपल्याला कुणी काही दिलं नाही."

"नाही. मी बटण दाबत बसायचे."

"बरं झालं," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "बरं झालं." मग दुसरा पाव घेतला. तोंडात घास असताना त्याला काहीतरी आठवलं. "आणि ते पाकीट टाकायला जायचीस ते?"

"नळकांड्यापाशी उभी राहून यायचे."

"आणि माझा शर्ट."

"हो. रुमाल नव्हता तो."

त्याच्या नाकातून हवा सुटली. हसू म्हणावं असं ते नव्हतं, पण त्याच्या जवळपासचं होतं. भांडी तिनं धुतली, त्यानं पुसली. शेवटचा वाडगा कपाटात ठेवताना त्यानं विचारलं, "उद्याचं धरलंयस?"

"धरलंय. नदीकाठी. पण तुला नको असेल तर रद्द करते."

"नको. राहू दे." तो वाडगा हातात घेऊनच उभा राहिला. "फक्त उद्या चिठ्ठी काढू नकोस. नाव लावलंय आणि त्या नावाची जागा कुणी ठेवलीय, असं कुठं असतं ते मला एकदा बघायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते नदीवरच्या तळावर पोहोचले. फाटकावर 'जागा नाही' अशी पाटी होती. लॉवेल शिरला, पण ह्या वेळी निवांत शिरला नाही. खांबांवरचे आकडे एकेक वाचत, पायी चालणारा माणूस पुढं निघून जाईल इतक्या हळू गाडी नेली. त्यांचा खांब वळणावर होता. चिठ्ठी होती. वाऱ्यानं हलत होती.

नॅडीन पट्टा सोडतेय तोवर लॉवेलच उतरला. खांबासमोर उभा राहिला. तळ सांभाळणाऱ्यानं काळ्या पेनानं मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं होतं आणि चिठ्ठी तिरकी अडकवली होती. लॉवेलनं ती सरळ केली. परत आला, चढला, इंजिन सुरू केलं.

नॅडीन गाडीमागं गेली. बाजूच्या आरशात त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तिनं दोन्ही हात वर केले.

गाडी हलली नाही. आरशात तिला दिसलं, त्यानं टोपी काढली, स्टीअरिंगवर ठेवली, आणि तो रडायला लागला. दवाखान्यात रडला नव्हता, दफनाला रडला नव्हता, तसा आता तोंड उघडं टाकून रडत होता. इंजिन चालूच होतं, त्यामुळे आवाज ऐकू येत नव्हता. शेजारच्या जागेतली दोघं खुर्चीतून वळून बघायला लागली. म्हातारा गाडी मागं का घेत नाही, त्यांना कळेना.

हात खाली घेतले असते तर त्याला वाटलं असतं, थांब म्हणतेय. म्हणून तिनं घेतले नाहीत. आरशात त्याचा चेहरा दिसत होता, म्हणजे त्यालाही ती दिसत होती. हळूहळू तिचे खांदे दुखायला लागले, मग दंड, मग मान. खूप दिवसांनी तिला काहीतरी दुखत होतं. ती तशीच हात वर करून उभी राहिली.